बोरीखालचा देव

१२ जुलै

आमच्या मुलाने, अखिलने, मागच्या साली बँकेतून आणलेली ही डायरी कोरीच पडली होती. तारखा चालतात, वार चुकतात, ते खोडले की झालं. हिशेबाच्या वहीत रडगाणं लिहायचं नाही असा माझा नेम आहे, आणि आज रडगाणं आहे.

यांनी गाय आणली. विचारलं नाही, सांगितलं नाही. दुपारी मागच्या दाराशी टेम्पो थांबला आणि हे बाहेरूनच ओरडले, "चंद्रकांता, ओवाळायला ताट आण!" मला वाटलं साखरेची पोती आली, त्यांना कशाला ओवाळायचं. बघते तर गाय. पहाडाकडचा सुकलाल म्हणून यांच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक आहे. तो बिऱ्हाड घेऊन गुजरातेत कामाला चालला. गाय कोणाकडे सोडायची? तर पन्नालालशेठ आहेत ना शिरपुरात! पन्नालालशेठच्या घरी शेण कोण काढणार, हे कोणी विचारलं नाही.

यांना मोबाइलवर कोणीतरी पाठवलंय की रोज सकाळी गायीच्या पाठीवरून हात फिरवला की ब्लडप्रेशर उतरतं. उतरेल. यांचं उतरेल आणि माझं चढेल.

१६ जुलै

गाय गरीब आहे, खोटं कशाला बोलू. पण अंगावर गोचिड्या! कानात, मानेखाली, शेपटीच्या मुळाशी. काही तर एरंडाच्या बीसारख्या टम्म फुगलेल्या. जंगलात चरलेलं जनावर, दुसरं काय होणार.

पलीकडच्या गल्लीतला दूधवाला जीवराम बघून म्हणाला, "काकू, औषध पाण्यात कालवून मारा, बठ्ठ्या मरतीन." चातुर्मास सुरू आहे आणि हा मला मारा म्हणतो! यांना विचारलं तर हे म्हणाले, "जीव आहे तो पण. तू हळूच काढत जा." तू. हात फिरवायचा यांनी, गोचिड्या काढायच्या मी.

तर पद्धत ठरवली. सकाळचं सामायिक, माझी जपाची बैठक, झालं की खोबरेल लावलेला कापूस आणि माझी जुनी पितळेची कुंकवाची डबी घ्यायची. एकेक गोचीड पाय न तोडता सोडवायची, डबीत ठेवायची. मागच्या दाराबाहेर बोरीचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी गवतात गार सावली असते, तिथे परठायची. म्हणजे जीव जाणार नाही अशा बेताने सोडून द्यायची. उन्हात फेकल्या तर वाळून मरतील आणि पाप माझ्या माथी. सोडताना तोंडाला पदर धरते, वाकून हात जोडते आणि म्हणते, मिच्छामि दुक्कडम. काढताना एखादीला दुखलं असेल तर तिने क्षमा करावी.

कमरेत उसण भरली आहे. पण मनाला बरं वाटलं. एका कामात तरी धर्म झाला.

२६ जुलै

आमच्या मागच्या दाराबाहेर आमचाच मोकळा प्लॉट आहे. तिथे यांचं गोडाऊन बांधायचं चाललंय, म्हणजे चार खांब उभे आहेत आणि सिमेंट महाग झालं म्हणून पुढचं थांबलंय. राखणीला बादल आहे. पत्र्याच्या खोलीत तो, त्याची बायको ममता आणि मुलगी उषा. पहाडातलीच माणसं, पण नीटनेटकी. ममता आमच्याकडे भांडी आणि झाडणं-पुसणं करते. पोरगी दुसरीत आहे. मला आजी म्हणते आणि दिवसभर प्रश्न विचारते.

आजचा वैताग असा की माझ्या तगरीची फुलं कोणीतरी तोडतंय. आम्ही स्थानकवासी जैन, मूर्ती न पूजणारे. देवाला फूल वाहायचा प्रश्न नाही, आणि फुलात जीव असतो म्हणून मी कधी केसातसुद्धा माळलं नाही. झाडावर फुलतात, झाडाखाली पडतात, तेवढंच बघायचं. तर कोणीतरी खुडून नेतंय. ममताला विचारलं. "माले काय माहीत बाई," म्हणाली.

रुचीचा पुण्याहून फोन आला. सून चांगली आहे, पण पेपर वाचून मला शिकवते. "मम्मी, जंगलाकडच्या जनावरांच्या गोचिड्या चावल्या की माणसाला ताप येतो. अंगावर ठिपके उठतात. हातमोजे घाला आणि गोचिड्या दूर कुठेतरी टाका." मी म्हटलं, गेल्या दहा दिवसांत मला एकही चावली नाही, आणि टाकते मी घराबाहेरच. घरात ठेवते का?

३ ऑगस्ट

फूलचोर सापडला. उषा! सकाळी डबी रिकामी करून आत आले, झाकण बाहेरच विसरलं म्हणून परत गेले, तर ही बोरीखाली गुडघे टेकून बसलेली. पुढ्यात माझी तगरीची फुलं गोल मांडलेली, डोळे मिटलेले, हात जोडलेले. गवतात कपाळ टेकत होती.

म्हटलं, "काय गं ए! फुलं कोणी तोडायला सांगितली?"

दचकली. "कोणी नाही, आजी. मी फक्त पाया पडत होते."

"पाया पडायला फुलं लागत नाहीत. फुलात जीव असतो."

"मग देवाला काय देऊ?"

"काही देऊ नको. नुसतं हात जोड."

चांगलीच रागावले, पण आत आल्यावर हसू आलं. एवढीशी पोर, कोणी शिकवलं नाही, सांगितलं नाही, तरी सकाळी उठून हात जोडते. मागच्या जन्माचे संस्कार. आमच्या अखिलला रविवारी स्थानकात, आमच्या धर्मस्थानात, न्यायचं तर अंथरुणातून ओढून काढावं लागतं इतका आळस.

१५ ऑगस्ट

आज सकाळी हे ब्लडप्रेशर उतरवत होते आणि धोतरावर एक गोचीड चढली. "चंद्रकांता! चंद्रकांता, धाव!" सगळी गल्ली जमली. मला वाटलं गायीने शिंग मारलं. एवढा मोठा माणूस, व्यापारी मंडळाचा खजिनदार, धोतर वर धरून अंगणात नाचतोय.

मी काढली, डबीत ठेवली. म्हटलं, "जीव आहे तो पण."

"टोमणे मारू नकोस," म्हणाले.

दुपारी आंघोळीनंतर पुन्हा आंघोळ केली यांनी. पाण्याची टाकी रिकामी.

२० ऑगस्ट

उद्यापासून पर्युषण. उपवास-तपाचे वर्षातून आठ दिवस, आणि नेमकी ममता आली नाही. भांडी तशीच. मागच्या दारातून हाक मारली तर आतून म्हणाली, "बाई, पोरले ताप शे. बठ्ठं आंग तपेल शे."

ताप सगळ्यांच्या पोरांना येतो. आमच्या अखिलला ताप असताना मी सासूबाईंच्या पंगती वाढल्या आहेत. बोलले नाही, पर्युषणाच्या तोंडावर वाणीचं पाप नको. पण भांडी घासताना मनात जे जे आलं त्याचं प्रायश्चित्त वेगळं घ्यावं लागेल.

२२ ऑगस्ट

आज उषाला बघून आले. ताप हटत नाही, डोकं दुखतं म्हणून रडते, उजेड नको म्हणते. मनगटावर आणि घोट्यांवर लाल ठिपके उठलेत. मी लगेच ओळखलं, गोवर. कडुनिंबाचा पाला नेऊन दिला, उशाशी ठेवायला सांगितला. पण तळहातावर आणि तळपायांवरही ठिपके आहेत, हे जरा वेगळंच. पहाडातल्या पोरांना असा उठत असेल.

आणि या लोकांचा वेंधळेपणा बघा, ताप असताना पोरीच्या कानामागे दृष्ट लागू नये म्हणून काळी तीट लावलीय. वाटाण्याएवढी. ओल्या फडक्याने पुसायला गेले तर निघेना. पोर कळवळली. कसलं काजळ वापरतात कोण जाणे.

बादलने बाजारातल्या डॉक्टरकडून सलाइन लावून आणलं. सलाइन म्हणजे अमृत असं या लोकांना वाटतं.

२५ ऑगस्ट

लिहायलासुद्धा हात चालत नाही, इतकी दमले. काल रात्रीपासून पोरीला शुद्ध कमी. पायावर सूज, ठिपके आता जांभळट. ममता दारात येऊन उभी राहिली. मग मीच यांना म्हटलं, गाडी काढा, धुळ्याला मोठ्या दवाखान्यात न्या. हे म्हणाले, दुकानात माल उतरायचाय. मी म्हटलं, माल उतरेल, पोर वर जाईल. गाडी निघाली. मी उपवासात, तरी सोबत गेले, कारण हे दवाखान्यात नुसते उभे राहतात आणि बादलला कोणी उभं करत नाही.

वॉर्डात एकेका खाटेवर दोन दोन पोरं. डेंगी, डेंगी, सगळीकडे तेच. डॉक्टरीणबाई तरुण, डोळ्यांखाली काळं. तिने विचारलं, "घरात जनावर आहे का? कुत्रं, बकरी? अंगावर कधी गोचीड सापडली होती?"

ममताने माझ्याकडे बघितलं. "बाई, ती गाय..."

मी म्हटलं, "गाय आमची आहे, तिचं काय इथे? नाही हो डॉक्टर, यांच्याकडे साधी कोंबडीसुद्धा नाही. खोली स्वच्छ असते, मी स्वतः बघते."

"हे कानामागे?"

"तीट आहे ती."

दुसऱ्या खाटेवरचं पोर ओकायला लागलं, ती तिकडे धावली. आमच्या कागदावर डेंगी लिहिलं, रिपोर्ट उद्या-परवा येईल म्हणे. मला या प्रश्नांचा राग आला होता. गरीब माणूस दिसलं की लगेच गोचीड, उवा, घाण. मी खडसावून सांगितलं ते बरंच झालं.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. गल्लीत सकाळपासून ढोल. उद्या आमची संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा, सगळ्यांची क्षमा मागायचा दिवस. दरवर्षीप्रमाणे मी पौषध घेणार, म्हणजे दिवस-रात्र स्थानकात राहायचं, वाहनात बसायचं नाही, संसाराचं काही करायचं नाही. लग्नानंतर एकदाही चुकलं नाही, अखिल पोटात असतानासुद्धा नाही. हे क्षमापनेचे मेसेज पाठवायला आत्तापासूनच बसलेत. हात जोडलेलं चित्र, खाली आमच्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर. क्षमा मागतात की जाहिरात करतात?

बादलचा फोन आला होता. डेंगीचा रिपोर्ट चांगला आला, म्हणजे डेंगी नाही. पण पोर तशीच. डॉक्टर म्हणे आता काय शोधायचं ते बघतो. त्याचा आवाज फुटत होता. मग फोनच लागेना, चार्जिंग संपलं असेल.

२८ ऑगस्ट, संवत्सरी

घरी आले. सकाळपासून घडलेलं लिहिते, नाहीतर उद्या मी स्वतःलाच वेगळं सांगेन.

पौषध घ्यायला जाण्याआधी गायीचं आवरायला गेले. कानामागे एक गोचीड घट्ट बसलेली होती, ती सोडवली. खाली जुन्या चाव्याची खपली होती. काळी. वाटाण्याएवढी. फडक्याने पुसली, निघेना.

हातात डबी तशीच. मागचं दार उघडलं. बोरीच्या बुंध्याशी मी रोज जिथे वाकते, बरोबर तिथेच वाळलेल्या तगरीच्या फुलांचा गोल होता, रोज नजरेखालून गेलेला, आज पहिल्यांदा बघितला. एकावर एक, जुन्यांवर नवी. आणि मधलं गवत लहान कपाळाने दबून गेलेलं.

 मग आत येऊन यांना म्हटलं, "मी धुळ्याला जाते."

"आज? वेड लागलं का? पौषध आहे तुझा! समाज काय म्हणेल?"

मी सांगितलं. ऐकून हे खुर्चीत बसले. म्हणाले, "अगं, पण याला पुरावा काय? नावं पुढे आली तर गाय बदनाम होईल. तू फोन करून सांग फक्त."

"कोणाला फोन करू? बादलचा लागत नाही आणि डॉक्टरीणबाईचा नंबर माझ्याकडे नाही."

"थांब, मी दुकानाच्या पोऱ्याला पाठवतो..."

"खोटं मी सांगितलंय, पोऱ्याने नाही." यांना गाडी काढायला लावली असती, पण यांचं तोंड बघायची ताकद नव्हती. एसटीने गेले. स्थानकाच्या पुढूनच स्टँडचा रस्ता. पांढऱ्या साड्या नेसलेल्या आमच्या सगळ्याजणी आत चालल्या होत्या. कुंदाबाईने हाक मारली, "चंद्रकांताबाई, इकडे इकडे!" जणू मला रस्ता चुकलाय. मी हात जोडले आणि पुढे गेले.

वॉर्डात डॉक्टरीणबाई सापडली. म्हटलं, "त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. गोचिड्या आहेत. आमच्या गायीच्या आहेत. मी रोज सकाळी काढून बोरीखाली सोडत होते. ही पोर रोज तिथे बसते. कानामागची तीट नाही, चावल्याची खपली आहे."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. उषाचा कान वळवून बॅटरी धरली, नर्सला हाक मारून औषधाचं नाव सांगितलं, म्हणाली आत्ताच्या आत्ता सुरू करा. मग मला म्हणाली, "बरं झालं आलात. साधं औषध आहे, पण वेळेत जावं लागतं."

वेळेत गेलं का, ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

ममता खाटेच्या पायाशी बसली होती. सगळं ऐकलं होतं तिने. हळू आवाजात म्हणाली, "बाई, माले वाटनं तुम्ही तठे देव बसाडेल शे. रोज सकाय डबी लई येतस, तोंडवर पदर धरतस, हात जोडतस. मीच उषाले सांगं, बाईना देव शे, तठे पाया पड, तुले चांगली बुद्धी येई."

मी उठले. एसटीची वेळ झाली असं म्हणाले. झालीही नव्हती.

घरी आले तर यांच्या मोबाइलवर क्षमापनेची सगळी उत्तरं टिंग टिंग वाजत होती. साऱ्या गावाकडे आमची क्षमा जाऊन पोचली. मागच्या दारी सोडून.

३० ऑगस्ट

बादलचा फोन. ताप उतरला. पोरीने पाणी मागितलं आणि विचारलं की शाळेत गणपतीची सुट्टी संपली का.

डाव्या पायाची करंगळी मात्र काळी पडलीय. राहील की जाईल, डॉक्टर थांबून बघू म्हणतात.

संवत्सरीचा उपवास मी आज सोडला. 

६ सप्टेंबर

आज यांच्याशी भांडण. मोठं.

मी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. तो म्हणाला, एक सुई गायीला, औषधाची फवारणी गोठ्यात आणि बोरीच्या आसपासचं गवत साफ करून जाळायचं. आतमध्ये अंडी असतात, एकेकीची हजारो. हे म्हणाले, "एवढी हिंसा! आपल्या घरात!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "असं कर, आपण दोघं त्या दिवशी स्थानकात जाऊ. बादल उभा राहील डॉक्टरबरोबर, तोच गवतही जाळेल. आपल्या डोळ्यांसमोर नको."

म्हणजे पाप करायलाही पगारी माणूस! आणि तोसुद्धा बादल! माझा आवाज एवढा चढला की गाय बिचकली.

"गवत मी जाळीन," मी म्हटलं.

"अगं, केवढं पाप लागेल!"

"माझ्या खात्यावर टाका. तुमच्या खात्यावर हात फिरवल्याचं पुण्य आहेच."

सुई दिली तेव्हा गायीची मान मी धरली. काडी मीच लावली. पावसाने गवत ओलं, धड पेटेना, धूर डोळ्यांत गेला. आत किती जीव होते ते मला ठाऊक आहे, कारण एकेक मीच नेऊन ठेवला होता. स्थानकातल्या साध्वी महासतीजींकडे प्रायश्चित्त मागणार आहे. पण एकाच गोष्टीचं मागायचं की दोन्हींचं, आणि मोठं कोणतं, ते मला नीट मांडता येत नाही. हिशेब कधी अडला नव्हता माझा असा.

१४ सप्टेंबर

उषा घरी आली. करंगळीचं टोक गेलं, बाकी पाय वाचला. हाडांचा सापळा झालीय, पण तोंड तसंच चालू. बादलने कडेवर घेतलं होतं, तर बोरीखाली उतरव म्हणून हट्ट. काळी जमीन आणि वरून टाकलेला चुना बघून मला विचारते, "आजी, इथला देव कुठे गेला?"

"इथे देव नव्हता, बेटा."

"मग तुम्ही रोज कोणाला हात जोडत होत्या?"

खोटं सांगणं मला आता परवडत नाही. म्हटलं, "गोचिड्यांना."

ती खो खो हसली. अशक्त पोर, हसता हसता खोकला लागला. "बाबा, आजी गोचिड्यांना हात जोडायची! गोचिड्यांना!" बादलही तोंड फिरवून हसला. ममता हसली नाही. नळाशी बसून माझी भांडी घासत होती, आजच कामावर आली होती. मी नको म्हटलं तरी आली.

तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. हात जोडले. गोचिड्यांना रोज म्हणत होते तेच शब्द. "मिच्छामि दुक्कडम, ममता."

"ते काय म्हंतस बाई?"

"माझं चुकलं. मला माफ कर, असं."

तिने कढई उलटी केली. पाठीची काजळी घासायला लागली. माफ केलं म्हणाली नाही, नाही केलं असंही म्हणाली नाही. मग वर न बघता म्हणाली, "पोरले रोज पेलाभर दूध देत जा. त्याच गायनं."

"देईन."

"पहिलं काढेल. पानी न टाकेल."

पाणी मी कधी टाकत नाही, हे ओठांवर आलं होतं. गिळलं.

संध्याकाळी पहिली धार काढली, पेला भरून मागच्या दाराने नेऊन दिला. उषाने पिऊन मिशा पुसल्या आणि जाता जाता माझ्या तगरीची दोन फुलं तोडून, माझ्यासमोर, माझ्याच हातावर ठेवली. मी ती पदरात घेतली.

गाय आटत आलीय, दूध जेमतेम. यांचा चहा उद्यापासून काळा. अजून सांगितलेलं नाही.